अर्ध्या कपाळावरची नागीण

नांदेड, मुलींचे वसतिगृह
६ जानेवारी २०२५

ती. गुरुपादमामांस,
महेश्वरीचा शरणार्थ.

पत्र बघून घाबरू नका. माझा मोबाईल चालू आहे आणि तब्येतही ठीक आहे. पत्र मुद्दाम लिहिते आहे. कारण आधी सांगते, मग आईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या चाचणीत मी नापास झाले. विषाणूंच्या भागात तर वीसपैकी चार गुण. पालमच्या शाळेत दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, इथं पुस्तक इंग्रजी आणि विषाणूंची नावं त्याहून परकी. पाठ करते, सकाळी उठलं की गेलेलं असतं. आमच्या नीलम मॅडमनी बोलावून घेतलं. वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी विचारलं, घरी कोण आहे? मी सांगितलं, वडील करोनात गेले. आई तिच्या भावाकडे पालमला असते, चौथी शिकलेली आहे, गळ्यात लिंग बांधायचे शिवदोरे वळते. मामांचं पूजासाहित्याचं दुकान आहे. मॅडम म्हणाल्या, "त्यांना मराठीत लिहून पाठव. फोनवर नको. फोनवर माणूस न समजलेलं गिळून टाकतो, लिहिताना गिळता येत नाही. त्यांना कळलं तर तुला कळलं."

म्हणून हे. पहिला धडा असा.

विषाणू म्हणजे एक चिठ्ठी. बस, एवढंच. त्याला तोंड नाही, पोट नाही, तो श्वास घेत नाही, वाढत नाही. बाहेर पडून असतो तेव्हा धुळीच्या कणाइतकाच मेलेला. पण आपल्या पेशीत शिरला की पेशी ती चिठ्ठी वाचते आणि स्वतःचं काम सोडून तिच्याच हजार नकला काढत बसते. चिठ्ठी दोनच प्रकारच्या कागदावर असते, डीएनए किंवा आरएनए. दोन्ही कधीच नाही. हा पहिला भेद. दुसरा भेद वेष्टनाचा. काहींच्या अंगावर चरबीची पातळ शाल असते, काही उघडेच. मला वाटायचं, शालवाला जास्त टिकत असेल. उलट आहे. शाल साबणानं विरघळते, उन्हात वाळते, आणि शाल गेली की तो संपतो. उघडा असतो तो पाण्यात, मातीत, पोटातल्या आम्लातही तग धरतो.

या दोन भेदांवर त्यांची कुळं पडतात. कुळातली नाती कळली तर पाठ करावं लागत नाही, असं मॅडम म्हणतात. तुम्हाला कळलं का ते कळवा. खोटं कळवू नका.

तुमची,
महेश्वरी

•

पालम
११ जानेवारी २०२५

चि. महेश्वरीस,
मामाचा आशीर्वाद. शिव तुझ्या पाठीशी आहे.

पत्र पोस्टमन भागवतनं दुकानात आणून दिलं आणि तिथंच उभा राहिला. पालमला हातानं लिहिलेलं पाकीट त्यानं किती दिवसांत टाकलं नव्हतं म्हणे. अक्का दुकानातच दोरे वळत बसली होती. तिच्यापासून लपवायचं कसं, म्हणून सगळंच मोठ्यानं वाचलं. नापासाचं वाक्य आलं तेव्हा तिचा हात दोऱ्यावर थांबला. मग पुन्हा चालू झाला. "चार तर मिळाले," एवढंच म्हणाली.

व्यंकटराव बाकड्यावर बसलेले होते. सेवानिवृत्त झाल्यापासून त्यांचं कार्यालय आपलं दुकानच आहे. कुळाचं ऐकून म्हणाले, "म्हंजे इषाणूतबी सोयरीक बघावी लागती का? भाची डॉक्टर व्हायलीय का भटजी?" अक्कानं त्यांना गप्प केलं.

मला कळलं ते असं. जो काही खात नाही, श्वास घेत नाही, ज्याला जिवंत म्हणावं की नाही हे तुमच्या शास्त्रालाही ठरवता येत नाही, तो माणसाला झोपवतो. सकाळी लिंग हातावर घेऊन बसलो तेव्हा मनात तेच घोळत होतं. सगळ्या चराचरात शिव आहे असं आपण म्हणतो. म्हणताना डोंगर, झाड, गाय असंच डोळ्यांसमोर येतं. या चिठ्ठीपर्यंत माझं मन कधी गेलंच नव्हतं. तिथंही तो असेल तर कशासाठी असेल?  पूजेत मन नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकलं.

एक सांगतो. तुझ्या डीएनए-आरएनएनं आम्हाला काही दिसत नाही. आम्हाला रोग ठाऊक आहेत. देवी, गोवर, गालफुगी, कावीळ, पिसाळलेलं कुत्रं. त्यांच्या नावानं लिही. कोण कुणाचा भाऊबंद ते सांग.

अक्का म्हणते, डोक्याला तेल लाव.

गुरुपाद

•

नांदेड
१६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शरणार्थ.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे रोगांच्या नावानं लिहायला बसले आणि एका दुपारी बरीच कुळं डोक्यात बसली.

देवी हे सगळ्यांत मोठं कूळ. विषाणूंमध्ये अंगानंही मोठा, विटेच्या आकाराचा, डीएनएवाला. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर जास्त आणि सगळे एकाच वयाचे. आज सगळे पाण्याचे, तर उद्या सगळे पुवाचे. मामा, हा विषाणू आता जगात कुठल्याही माणसाच्या अंगात नाही. लस देऊन देऊन घालवला. हजारो वर्षं ज्याच्यापुढं राजेही हात जोडत, तो आता दोन प्रयोगशाळांत कुलपाखाली आहे. 

गोवर आणि गालफुगी सख्खे चुलत. दोघेही आरएनएवाले, शाल पांघरलेले. गोवरात अंगावर पुरळ यायच्या आधीच गालाच्या आतून, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. आई आम्हाला गोवर झाला की आधी तोंड उघडायला लावायची, आठवतं? तिला कुणी शिकवलं?

कावीळ हे फसवं नाव. एकच नाव, पण आत निरनिराळ्या कुळांचे विषाणू. दोघे घाण पाण्यातून येतात, ते उघडे. बाकीचे रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला, ते शालवाले. रोग बघून एक, कूळ बघून वेगळे. माझे बरेच गुण इथंच गेले होते.

पिसाळलेल्या कुत्र्याचा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो, पण चालतो अगदी हळू. रक्तातून जात नाही. चावलेल्या जागेची शीर, रक्ताची नव्हे, मज्जातंतूची, धरतो आणि दिवसाला थोडं थोडं करत मेंदूकडे निघतो. तो वाटेत असेपर्यंत लस त्याच्या आधी पोचू शकते. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्या वाटेवरच्या दिवसांत माणूस धडधाकट असतो, बाजार करतो, हसतो. मला त्या दिवसांचं फार वाटतं.

डेंगी, चिकुनगुन्या डासांचे. करोनाही आरएनएवाला, शालवाला. तो धडा मी वाचला आहे, आईला सांगा.

कांजिण्यांचं कूळ पुढच्या पत्रात. ते सगळ्यांत विचित्र आहे.

रविवारी आई व्हिडिओवर यायला तयार असू दे. तिला बघून महिना झाला.

महेश्वरी

•

पालम
२३ जानेवारी २०२५

चि. महेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. त्या वाटेवरच्या दिवसांचं जे लिहिलंस ते मला पुढं वाचू देईना. देवीचंही तसंच. ज्या शक्तीपुढं सगळी वस्ती हात जोडून उभी राहायची तिला माणसानं कुलपात घालावं, आणि तरी ती उगवायची वाट बघत तिथं असावी. भीती वाटली, आणि हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते नीट सांगता येणार नाही.

रविवारी आई व्हिडिओवर आली नाही म्हणून रागावू नको. डाटा संपला होता. आवाज तर ऐकलास.

एक विचारायचं आहे. तुझ्या विचित्र कुळाच्या आधी हे सांग, घाई आहे. नागीण कोणत्या कुळातली? ओळखीतली एक बाई आहे, पंचावन्नची. तिचं कपाळ तीन दिवस आतून भाजत होतं. केसांना फणी लागली तरी कळ जायची. काल तिथं पाण्याचे फोड आले, दाट, द्राक्षाच्या घोसासारखे. नवल असं की डाव्याच अंगाला. भांगाच्या रेषेवर येऊन जणू कुणी रेघ मारून थांबवलेत. उजवं कपाळ साफ. डाव्या भुवईत आहेत, पापणीला थोडी सूज आहे आणि आज सकाळी नाकाच्या शेंड्यावर एक फोड दिसला.

जवळच्या वाडीतला सूर्यभान नागिणीवर गेरू लावतो. लांबून लोक येतात. त्यानं दोरा धरून मापलं आणि म्हणाला, "कमरंची असती तर म्या भ्यालो असतो. कमरंला वेटोळं पडतं, तोंड नि शेपूट जुळलं की माणूस जातंय. ही कपाळाची. अर्ध्यावर थांबलीय, जुळणार कशी? बिनघोर ऱ्हावा." आपल्याकडं लहानपणापासून हेच ऐकलेलं. त्या घरचे लोक निश्चिंत आहेत. मी पण आहे, जवळपास.

तरी तुझं पुस्तक काय म्हणतं ते लिही. लवकर लिही.

गुरुपाद

•

नांदेड
२७ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शरणार्थ.

तुमचं पत्र आज दुपारी हातात पडलं आणि वाचता वाचताच फोन केला. तुम्ही "बरं, सांगतो" म्हणून ठेवून दिलात. दुकानात गिऱ्हाईक असेल. पण एवढ्यानं त्या घरचे हलतील असं वाटलं नाही, म्हणून सगळं लिहिते. त्यांना हे पत्रच वाचून दाखवा.

मामा, तुम्ही जे वर्णन लिहिलंत ते पुस्तकातलं चित्र आहे. मी ते नीलम मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझ्या मामांना वर्गात बसव.

मी ज्याला विचित्र कूळ म्हणत होते ते हेच. नागीण आणि कांजिण्या हे दोन रोग नाहीत. विषाणू एकच आहे. एकाच कुळातला नव्हे, तोच. लहानपणी कांजिण्या येतात. फोड लहरींनी येतात, एक सुकतो तेव्हा दुसरा उगवतो. पंधरा दिवसांत खपल्या पडतात, कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ होते, सगळे म्हणतात गेल्या. पण जात नाहीत. तो विषाणू कातडीतून शिरांमध्ये शिरतो, शिरेच्या वाटेनं तिच्या मुळापर्यंत जातो आणि तिथं निजतो. काही करत नाही, वाढत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसतही नाही. वीस वर्षं, पन्नास वर्षं. मूल मोठं होतं, लग्न होतं, नातवंडं होतात, आणि तो तिथंच. मग कधीतरी वय होतं, मन खचतं, अंगातला पहारा ढिला पडतो आणि तो उठतो. ज्या शिरेच्या मुळाशी निजला होता त्याच शिरेतून बाहेर येतो. म्हणून आधी आतून भाजतं, मग फोड. म्हणून अर्ध्याच अंगाला, कारण डाव्या शिरा डावीकडेच असतात, मध्यरेषा ओलांडत नाहीत. नागीण कधी वेटोळं पूर्ण करतच नाही, कमरेलासुद्धा नाही. तोंड-शेपूट जुळण्याची गोष्ट लोकांनी भीतीपोटी केली.

खरी भीती वेगळी आहे, आणि ती या बाईलाच आहे. नाकाच्या शेंड्याला जी बारीक शीर जाते तीच आत डोळ्यालाही जाते. एकच फांदी, दोन टोकं. शेंड्यावर फोड आला म्हणजे विषाणू त्या फांदीवर आला आहे. दुसऱ्या टोकाला डोळा आहे. बुबुळावरची काच एकदा धुरकट झाली की दृष्टी जाऊ शकते.

यावर गोळ्या आहेत. फोड आल्यापासून तीन दिवसांत सुरू केल्या तर सर्वांत उत्तम, पण डोळ्याजवळ असेल तर उशीर झाला तरी द्यायच्याच. गेरू लावायचा असेल तर लावा, डोळ्यात मात्र काही जाऊ देऊ नका. आणि आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. त्या बाईच्या फोडांतलं पाणी, कांजिण्या न झालेल्या लहान मुलांना किंवा गरोदर बाईला लागू देऊ नका.

त्या घरचे हट्टी असतील तर मला नंबर द्या. मी बोलते.

आई कालही व्हिडिओवर आली नाही. नापास झाले म्हणून रागावली असेल तर तिनं बोलून टाकावं.

महेश्वरी

•

पालम
३० जानेवारी २०२५

चि. महेश्वरीस,

ती बाई तुझी आई आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण इतके दिवस शेवटच्या ओळीतही लिहिलं नाही. काल तिला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं आहे. औषध चालू आहे. आता पुढचं सावकाश वाच.

फोड आले त्याच दिवशी अक्कानं मला लिंग हातात घ्यायला लावलं. "पोरीची परीक्षा हाय. फोनवर एक अक्षर बोलायचं न्हाई. बोललास तर मी तुला मेले." मी शपथ घेतली. तिनं पत्राचं काही म्हटलं नव्हतं. म्हणून पत्र लिहिलं, आणि त्यातही नाव गाळलं. मला वाटलं, शपथही राहील आणि उत्तरही येईल.

मग तुझा फोन आला. अक्का चार हातांवर बसलेली, डाव्या डोळ्यावर पदर. "आजच्या आज" हे तुझे शब्द ऐकले. ओठांपर्यंत आलं होतं. शपथ आड आली असं मी तुला सांगू शकतो. पण खरं सांगतो, शपथेहून सूर्यभानचं वाक्य जास्त आड आलं. जुळणार नाही, मग काय होतंय, हे मनाच्या तळाशी बसलेलं होतं. साठ किलोमीटरवर असलेल्या मुलीचं खरं, की पिढ्यांचं? मी फोन ठेवला आणि अक्काला म्हणालो, चल दवाखान्यात. ती म्हणाली, "तुझे दाजी दवाखान्यात गेले. आले का परत? आमाला तोंडबी बघू दिलं न्हाई." 

सोमवारी संध्याकाळी डोळा लाल झाला. मंगळवारी तिला उजेड सोसेना. तुझ्या वैजयंतीमामीनं खिडकीला चादर लावली. मी दोनदा तुझा नंबर काढला आणि दोनदा ठेवला.

बुधवारी सकाळी तुझं पत्र आलं. चादरीच्या अंधारात मोबाईलच्या उजेडात वाचून दाखवलं. डोळ्याचा भाग दोनदा वाचला. तिच्यावर परिणाम नाही. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "मागचं वाच. निजलेली."

कांजिण्या निजतात तो भाग पुन्हा वाचला. ती उठून बसली. आम्ही तेव्हा चुडाव्याला राहायचो. अक्का सात वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या होत्या. आमच्या आईनं दाराला लिंबाचे डहाळे बांधले होते, स्टेशनातली गाडी वाजली की ही कानांवर हात ठेवायची, एवढा ताप. एकविसाव्या दिवशी आईनं बोळवण केली. दहीभात, लिंबाचा पाला, तांब्याभर पाणी घेऊन गावाबाहेर सोडून आली आणि हिला म्हणाली, गेली बाई. आता मागं बघू नको.

"म्हंजे ती गेलीच न्हाई," अक्का म्हणाली. "अठ्ठेचाळीस वर्सं. माझं लगीन झालं, पोरगी झाली, ह्ये गेले. ती आत होती. सगळं बघत होती." तिच्या आवाजात भीती नव्हती, महेश्वरी. देवळात मोठा दरवाजा उघडल्यावर माणूस जसा बोलतो तसा आवाज होता.  मी तिला पन्नास वर्षं ओळखतो असं समजत होतो.

मग म्हणाली, "आईची बोळवण अपुरी ऱ्हायली. आता नीट करू. उठ."

तिनं स्वतः दहीभात कालवला. एक डोळा झाकून. लिंबाचा पाला घेऊन आम्ही दोघं गावाबाहेर गेलो, ती पुढं, मी मागं. तिथं ठेवून तिनं पदर नीट केला आणि घराकडं वळलीच नाही, स्टँडकडं वळली. "बोळवण झाली की पाठवणारं सोबत जातंय. चल, कुठं जायचं ते." मी म्हणालो, नांदेड जवळ पडेल. "तिथं पोरगी हाय. परभणीला चल."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळा उजेड पाडला आणि मला पडद्यावर बघायला बोलावलं. अक्काच्या बुबुळावर विषाणूच्या जखमेची एक हिरवी फांदी उमटलेली होती. बारीक, डहाळ्याडहाळ्यांची. मी इतकी सुंदर आणि इतकी भयंकर गोष्ट एका जागी कधी पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या, चार दिवस आधी आणायला हवं होतं. दृष्टी राहील की नाही ते महिन्यानं कळेल. गोळी दिवसातून पाच वेळा.

त्या चार दिवसांतले दोन माझे आहेत.

गुरुपाद

•

नांदेड
७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

घरी दोन दिवस होते तेव्हा आईसमोर बोलता आलं नाही. तुम्हीही माझी नजर टाळत होतात. म्हणून इथून लिहिते.

मी फार रागावले होते. बसमध्ये लोह्यापर्यंत तुम्हाला काय काय बोलायचं ते ठरवत आले. तुम्ही शब्द पाळलात, आईचा डोळा कुणी पाळायचा? हे वाक्य तर मी पाठ केलं होतं. दारात आले तेव्हा तुम्ही घड्याळ समोर ठेवून आईला चौथी गोळी देत होतात. तुमच्या हातावर पेनानं पाच रेघा होत्या, चार खोडलेल्या. ते वाक्य मग मला म्हणता आलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली. तुमचं २३ तारखेचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. पंचावन्न वय. फणी लागली तरी कळ. आई व्हिडिओवर नाही. सगळं त्यात होतं. मी इतकी खूश झाले होते की पुस्तकातलं चित्र सापडलं, मी आकृती काढली, मॅडमना दाखवलं, शाबासकी घेतली. बाई कोण, हे मी विचारलंच नाही. तुम्ही नाव गाळलंत, पण मीही मागितलं नाही. तुमचे दोन दिवस असतील तर त्यात माझाही एक मोजा.

काल फेरचाचणी झाली. नागिणीवर प्रश्न होता. कूळ, कागद, शाल, कुठं निजते, कुठली शीर, सगळं लिहिलं. शेवटी एक वाक्य जास्त लिहिलं गेलं, रुग्णाचं नाव विचारावं. मॅडमनी त्याखाली रेघ मारली. गुण त्याला नाहीत.

आईच्या डोळ्यात थेंब टाकताना हात धुवा. रोज संध्याकाळी मला फोन करा. फोनवर. सगळं सांगा.

महेश्वरी

•

पालम
३ मार्च २०२५

चि. महेश्वरीस,
मनापासून आशीर्वाद.

फोनवर सगळं सांगितलंच आहे. तरी हे लिहितो, कारण अक्काला तुला चार ओळी लिहायच्या आहेत आणि पाकिटात दुसरा कागद पाहिजे म्हणते.

काल परभणीला पुन्हा गेलो. पिवळा थेंब, निळा उजेड. फांदी नाही. तिच्या जागी काचेवर श्वास टाकावा तसा एक लहान धुरकट ठिपका. बाई म्हणाल्या, हा राहील, पण मधोमध नाही, कडेला आहे. आणखी कित्येक महिने बघत राहावं लागेल. कपाळ अजून रात्रीचं ठणकतं.

मी त्यांना विचारलं, आता तरी गेला का तो? त्या हसल्या. म्हणाल्या, कुठं जाणार? निजलाय. मी आणि अक्का बाहेर बाकड्यावर बसलो. दवाखान्यात केवढी माणसं होती. म्हाताऱ्या, पोरं, पोलीस, बुरखा घेतलेली एक बाई लेकराला भरवत होती. प्रत्येकाच्या शिरांच्या मुळाशी कोण कोण निजलं असेल, आणि हे सगळे आपापलं काम करत होते. मला वाटलं, देवळात मी डोळे मिटून बसतो ते चूक नाही, पण पुरेसं नाही.

खाली अक्काचं.

गुरुपाद

चि. महेश्वरीस आईचा आशीर्वाद.
चांगला डोळा हाताने झाकून हे लिहिते. ओळ वाकडी गेली. पण अक्षर दिसते. मामा म्हणतो उजव्या डोळ्याने लिही मी म्हटले नाही. तुला कळावे म्हणून याच डोळ्याने.
ती आत आहे म्हणे. निजू दे तिला. माझ्यासंगे पन्नास वर्षे राहिली मी तिला एकदाही विचारले नाही. आता रोज विचारते. निज ग बाई.
तू इकडे आलीस की धडे हळू वाच.

मल्लम्मा